ओठांवरचा पहारा

मराठीतले जिभेविषयीचे वाक्प्रचार एकत्र मांडून पाहिले, तर त्यांत जिभेचे कौतुक करणारे फार थोडे सापडतात. जिभेला हाड नसते, ती सैल सुटते, ती चावावी लागते, ती उचलून टाळ्याला लावली जाते. ‘शब्द’ आला की मात्र भाषेचा सूर बदलतो. शब्द दिला जातो, पाळला जातो, कुणासाठी तरी टाकला जातो. एखाद्याच्या शब्दाला वजन असते, एखाद्याचा शब्द खाली पडू दिला जात नाही. वास्तविक जिभेवाचून शब्द उच्चारता येत नाही. तरीही भाषेने या दोघांना दोन निराळ्या पंक्तींत बसवले आहे. एक नुसता अवयव आहे, दुसरी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. मग या दोहोंच्या मध्ये असे काय घडते, की ज्यामुळे बोलणे कधी केवळ जिभेची हालचाल राहते आणि कधी शब्द होते? ‘विचार’ हे उत्तर सोपे आहे. पण ‘विचार करून बोलावे’ हा उपदेश वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे, की विचार नेमका कशाचा करायचा, हे विचारायचे राहूनच जाते. आपल्या शब्दांचा? त्यांच्या परिणामांचा? की आणखी कशाचा? ज्या ख्रिस्ती परंपरेत मी वाढले, तिच्यात या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे हाती लागले, ते इथे मांडते आहे.

जिभेविषयीचे नव्या करारातले सर्वांत प्रसिद्ध विवेचन याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या गलबताला वळवणारे इवलेसे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे तीन दृष्टान्त याकोब एकामागून एक देतो. लहानशी वस्तू आणि तिचे प्रचंड सामर्थ्य, हे तिघांतले समान सूत्र. हे दृष्टान्त पुष्कळांना ठाऊक असतात. पण हा अध्याय सुरू कुठून होतो, इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो सुरू होतो शिक्षकांपासून. तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होण्याच्या मागे लागू नये, कारण आपला न्याय अधिक कठोरपणे होणार आहे, अशा अर्थाची ताकीद देऊन मग याकोब जिभेकडे वळतो. ज्याचा व्यवसायच बोलण्याचा, त्याच्यासाठी हा अध्याय प्रथम लिहिलेला आहे. वीसेक वर्षे फळ्यासमोर उभे राहून बोलणाऱ्या माणसाला ही सुरुवात वाचून सावरून बसावे लागते. त्याच अध्यायात पुढे याकोब मान्य करतो, की मनुष्याने सगळे पशुपक्षी माणसाळवले, जीभ मात्र कुणालाच माणसाळवता आलेली नाही. १४१ व्या स्तोत्रात तर दाविदाने माझ्या तोंडावर पहारा बसव, अशी देवालाच विनवणी केली आहे. स्वतःच्या ओठांवरचा पहारा आपला आपल्याला पुरा पडत नाही, अशी ही प्रांजळ कबुली आहे.

पहारा नसला म्हणजे काय होते, याच्या दोन भीषण कथा बायबलमध्ये आहेत. शास्ते या ग्रंथातला इफ्ताह युद्धाला निघताना देवाला नवस बोलतो: विजयी होऊन परतलो, तर माझ्या घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा मी होम करीन. तो जिंकून परततो, आणि डफ वाजवत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. दुसरी कथा मार्काच्या शुभवर्तमानातली. वाढदिवसाच्या मेजवानीत नाचणाऱ्या मुलीवर खूश होऊन हेरोद राजा तिला शपथेवर सांगतो, की मागशील ते देईन. ती आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते. दोघांनाही दुःख होते, आणि दोघेही आपला शब्द पाळतात. एकवचनीपणाचे संस्कार झालेल्या आपल्या मनाला या कथा गोंधळात टाकतात, कारण इथे पाप घडते ते शब्द मोडल्यामुळे नव्हे, तर पाळल्यामुळे. दोघांच्या बोलण्यात एक साम्य आहे. बोलताना दोघांच्याही डोळ्यांपुढे स्वतःखेरीज कुणी नाही. इफ्ताहाला आपला विजय दिसतो, हेरोदाला पाहुण्यांसमोरचा आपला थाट. दारातून कोण येईल, हा प्रश्न इफ्ताहाच्या मनात उमटलाच नाही. घराच्या दारातून घरातलेच कुणीतरी येणार, हे उमजायला क्षणभर थांबणे पुरेसे होते.

असा थांबण्याचा क्षण योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आहे. शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा प्रसंग आढळत नाही, तरी ख्रिस्ती मनावर त्याचा ठसा इतका खोल आहे की तो वगळण्याची कल्पना करवत नाही. व्यभिचारात पकडलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परूशी मंदिराच्या आवारात येशूसमोर उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे हिला दगडमार व्हायला हवा. आपले म्हणणे काय? प्रश्न म्हणजे सापळा आहे. ‘हो’ म्हटले तर करुणेचा उपदेश खोटा ठरतो, ‘नाही’ म्हटले तर नियमशास्त्र मोडल्याचा ठपका येतो. येशू यांपैकी काहीच म्हणत नाही. तो खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले, हे योहान सांगत नाही, आणि शतकानुशतके टीकाकार त्याविषयी तर्क करत आले आहेत. मला मात्र त्या मजकुरापेक्षा त्याला लागलेला वेळ महत्त्वाचा वाटतो. जमाव उत्तरासाठी उतावीळ आहे, हातात दगड आहेत किंवा असणार आहेत, आणि ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागले आहेत तो खाली बघतो आहे. मग तो उभा राहून एकच वाक्य बोलतो. जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, एवढाच त्याचा आशय. पुन्हा तो खाली वाकतो. हे दुसरे वाकणे मला पहिल्याहूनही मोठे वाटते. बोलून झाल्यावर शब्दाला आपले काम करू देण्यासाठी तो बाजूला होतो. माणसे एकेक करून निघून जातात, वडीलधारी आधी. आणि सर्वांत शेवटी, ज्या स्त्रीविषयी एवढा वेळ नुसते बोलले जात होते, तिच्याशी कुणीतरी बोलते.

तेव्हा थांबणे आवश्यक आहे, हे खरे. पण थांबणे म्हणजेच विचार, असे समीकरण मांडता येईल का? इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या-पाचव्या शतकात राहिलेल्या तपस्व्यांनी मौनाचा मोठा अभ्यास केला. अब्बा अगाथोन यांनी गप्प राहायला शिकावे म्हणून तीन वर्षे तोंडात दगड धरला होता, अशी त्यांच्याविषयीची आठवण नोंदलेली आहे. पण त्याच परंपरेतल्या अब्बा पोइमेन यांनी या साधनेची मर्यादाही दाखवून दिली. एखादा माणूस वरून गप्प दिसतो, पण मनात इतरांना दोष देत असतो. तो वास्तविक अखंड बडबडतच असतो. दुसरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो, पण कुणाच्या उपयोगाचे नाही असे काही बोलत नाही, म्हणून तो मौनीच, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे मौन मोजायचे ते ओठांवरून नव्हे. मनात दुसऱ्या माणसाला कोणती जागा दिली आहे, यावरून ते ठरते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तप सांगताना सत्य आणि प्रिय यांच्या जोडीला ‘हित’ही ठेवले आहे, हे मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीमुळे परिचित असते. वाळवंटातले ते वृद्ध साधू आपल्या वाटेने त्याच ठिकाणी येऊन पोचले होते.

आमच्या वसईकडच्या घरात संध्याकाळची रोझरी झाली की माणसे थोडा वेळ तशीच बसून राहत, आणि मग गावच्या गोष्टी निघत. कुणाच्या घरात काय घडले, कुणाच्या सुनेने काय केले, हे सुरू झाले की माझी आजी माळ डबीत ठेवता ठेवता विचारी, “ती इथं आहे का? नाही ना? मग तिला बोलावून आणा, तिच्यासमोर बोला.” आजीने धर्मशास्त्र वाचलेले नव्हते. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात खोटी साक्ष देऊ नये या आज्ञेचे विवरण वाचताना मला तिचा प्रश्नच आठवला. दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापे तिथे वेगवेगळी सांगितली आहेत. पुरेशा आधारावाचून मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणे हे पहिले. खोटे बोलून त्याची अब्रू घालवणे हे आणखी एक. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरे आहे: सबळ कारण नसताना एखाद्याचा खरा दोष, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांच्यापुढे उघड करणे. “मी काही खोटं सांगत नाही, झालं ते सांगतो,” हा आपला नेहमीचा बचाव या तिसऱ्या कलमापुढे गळून पडतो. सत्य बोलल्याने बोलणे निर्दोष होत नाही. ते सत्य कुणापुढे, कशासाठी आणि कुणाच्या पाठीमागे बोलले गेले, हेही विचारले जाणार असते.

महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या खोलीला हे कलम फार जवळचे आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक दुपार मला आठवते. एका विद्यार्थ्याचा निबंध हातोहात फिरत होता. भाषा त्याच्याकडून कुणी अपेक्षिली नव्हती इतकी सुरेख. मुलगा आडगावातून आलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा, तोंडी प्रश्नाला चाचरत उत्तर देणारा. हे याचे लिखाण असूच शकत नाही, कुठूनतरी उतरवलेले आहे, यावर दोनतीन मिनिटांत एकमत झाले. कोणत्या पुस्तकातून, याचे अंदाजही निघू लागले. तोवर गप्प असलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढेच म्हटले, “त्याला विचारलं का?” मुलाला बोलावले गेले. बाईंनी निबंधातले एक वाक्य दाखवून, हे कसे सुचले ते सांग, असे म्हटले. तो नेहमीप्रमाणे चाचरत बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याने त्या वाक्याआधी खोडलेली तीन वाक्येही सांगितली. खोडलेली वाक्ये फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतात. पुढे काही बोलण्याची गरज उरली नाही. त्या खोलीतले कुणी दुष्ट नव्हते, आणि कुणी जाणूनबुजून खोटेही बोलत नव्हते. फक्त ज्याच्याविषयी बोलणे चालले होते, तो तिथे नव्हता, आणि तो तिथे नाही हे त्या एका बाईंखेरीज कुणाच्या लक्षात आले नव्हते.

धर्मशिक्षणग्रंथाने या मुद्द्याच्या पुष्टीसाठी संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचा आधार घेतला आहे. पोपची मान्यता मिळून १५४८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात, साधनेला आरंभ होण्यापूर्वीच गुरू-शिष्यांसाठी एक पथ्य घालून दिले आहे. दुसऱ्याच्या विधानाला दोष देण्यापेक्षा त्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी अधिक असावी. तसा अर्थ लागत नसेल, तर त्याला ते कोणत्या अर्थाने म्हणायचे आहे, हे त्यालाच विचारावे. तो चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. साहित्याच्या अभ्यासकाला हे पथ्य ओळखीचे वाटायला हवे. कविता समजली नाही, तर दोष कवीचाच असे गृहीत न धरता ती पुन्हा वाचायची, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. जी सवलत आपण छापील ओळीला देतो, ती समोरच्या माणसाच्या तोंडच्या वाक्याला देताना मात्र आपण फार कंजूष होतो. समीक्षा कठोर असू नये, असे मी म्हणत नाही. पण आपण ज्याचे खंडन करतो आहोत ते त्याचेच म्हणणे आहे, की आपल्या सोयीसाठी आपणच त्याच्या तोंडी घातलेले, एवढी खातरजमा केल्यावाचून कठोरपणाला अर्थ नसतो.

सत्य आणि माणुसकी एकत्र कशी नांदतात, याचे मराठीतले उत्तम उदाहरण माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षे दोघांना वेगळे राहावे लागले, आणि पुढे स्वतः लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक १९१९ साली गेले. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली ती १९३० च्या दशकात. म्हणजे घटना आणि शब्द यांच्यामध्ये कितीतरी वर्षे गेली. टिळकांचा शीघ्रकोप, घरात दाणा नसताना पाहुणे घेऊन येणारी त्यांची बेफिकीर उदारता, यांतले काहीही त्या झाकत नाहीत. पण टिळकांना त्या आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करत नाहीत. ज्याला आता उत्तर देता येणार नाही, अशा माणसाविषयी त्या बोलत आहेत, याची जाणीव त्यांच्या विनोदातून सतत जाणवते. तो विनोद प्रथम स्वतःवर उलटतो, मग टिळकांकडे जातो. दिवंगत माणूस हा तर कायमचाच अनुपस्थित. त्याच्याविषयी खरे बोलूनही त्याला आपल्या शेजारी बसायला जागा ठेवता येते, हे लक्ष्मीबाईंनी दाखवले.

इथवर आले की एक शंका उभी राहते. हे सगळे संयमाचे तत्त्वज्ञान अखेर गप्प बसण्याची सोयीस्कर सबब तर होणार नाही? ती होते, आणि वारंवार झाली आहे. मिस्साच्या आरंभी भाविक जी पापकबुली म्हणतात, तिच्या जुन्या लॅटिन पाठात चूक घडण्याच्या तीनच जागा सांगितलेल्या होत्या: विचार, शब्द आणि कृती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मिस्सा-ग्रंथात त्यांत चौथीची भर पडली: करायला हवे ते न करणे. या चौथ्या जागेत न बोललेले शब्दही येतात. चर्चच्या आत घडलेले अत्याचार वर्षानुवर्षे दडपले गेले, तेव्हा संस्थेच्या लौकिकासाठी पाळलेल्या त्या मौनाला पुष्कळांनी विवेकाचे नाव दिले होते. ते मौन ज्यांचे रक्षण करत होते, ते दुर्बल नव्हते.

या पेचाचे उत्तर मला डीट्रिख बोनहोफर या जर्मन ल्यूथरन धर्मपंडिताच्या आयुष्यात मिळते. हिटलर चॅन्सेलर झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारी १९३३ रोजी, सव्वीस वर्षांचा बोनहोफर बर्लिनहून रेडिओवर बोलला. स्वतःला दैवत करून घेणारा नेता लोकांना भुलवून आडमार्गाला नेतो, असा त्याचा इशारा होता. भाषण पुरे होण्याआधीच प्रक्षेपण बंद झाले. त्याच वर्षी ज्यूंच्या प्रश्नावर लिहिताना, चाकाखाली सापडलेल्यांच्या जखमा बांधून चर्चचे कर्तव्य संपत नाही, प्रसंगी ते चाकच रोखावे लागते, असे त्याने मांडले. पुढे १९३५ पासून तो फिंकनवाल्ड येथे तरुण धर्मसेवकांच्या शिक्षणकेंद्राचा प्रमुख होता. गेस्टापोने १९३७ साली ते केंद्र बंद पाडले. तिथल्या सहजीवनासाठी त्याने एक साधा नियम घातला होता: गैरहजर असलेल्या बंधूविषयी बोलायचे नाही; आणि बोलले गेलेच, तर ते त्याला जाऊन सांगायचे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

गैरहजर माणसाविषयी बोलू नका, असा नियम करणारा आणि गैरहजर माणसांसाठी बोलण्याची किंमत प्राणांनी मोजणारा माणूस एकच होता. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडते. बोलण्याआधी विचार करायचा तो आपल्या शब्दांच्या सफाईचा नव्हे, आणि आपल्यावर काय बेतेल याचा तर नव्हेच. विचार करायचा तो त्या माणसाचा, जो या बोलण्यात स्वतः बोलू शकत नाही. माझ्या शब्दामुळे तो उघडा पडत असेल, तर तो शब्द गिळावा. माझ्या मौनामुळे तो उघडा पडत असेल, तर ते मौन मोडावे. इफ्ताहाला त्या क्षणी आपली लेक दिसायला हवी होती. त्या दुपारी बाईंना मागच्या बाकावरचा मुलगा दिसला.

दाविदाने मागितलेल्या पहाऱ्याचा अर्थही यामुळे थोडा बदलतो. आपण पहारा म्हटले की बंद दार डोळ्यांपुढे आणतो. पण नुसते बंदच ठेवायचे असते, तर कुलूप पुरले असते. पहारेकऱ्याची गरज नव्हती. कोणाला अडवायचे आणि कोणासाठी दार उघडायचे, हे ज्याला कळते तो पहारेकरी. परीक्षा संपून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर आले, की प्रत्येक शेऱ्याच्या वेळी त्याला जागे ठेवावे लागते, आणि विभागाच्या बैठकीत कुणाच्या तरी वतीने हात वर करायची वेळ आली, तरीही.